दुसऱ्या घंटीच्या आत

त्या बाईने हातमोजा काढला, फोन उघडला, जरा वेळ बघत राहिली, फोन खिशात टाकला आणि हातमोजा परत चढवला. बास. एवढंच घडलं. नोव्हेंबरातली सकाळ, आमच्या बुरोस गावच्या मोठ्या चौकातला बसथांबा, वरून धड पाऊस नाही आणि धड बर्फ नाही असं काहीतरी गिचगिचीत पडतंय, आणि आम्ही सगळे नेहमीसारखे एकमेकांपासून हातभर लांब उभे, जणू शेजारच्याला गोवर झालाय. मी तिच्या मागे होते. दुसऱ्याच्या फोनात डोकावू नये हे मला काय कळत नाही? पण तिने टाइप केलेलं नाव दिसलं आणि माझी नजर जागची हलेना. हुल्टग्रेन आणि मुली. आमचं दुकान. पडदे, चादरी, टेबलावरची कापडं. तिने नावावर बोट टेकवलं आणि पान पांढरं झालं. पांढरंच राहिलं. तिचा उघडा अंगठा गारठून लाल झाला होता, आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, ये ना रे बाबा, ये, ती हात बाहेर काढून उभी आहे! ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही. 'जाऊ दे,' असं काहीसं पुटपुटली, अगदी मवाळपणे, आणि मग तो हातमोजा. राखाडी लोकरीचा, घरी विणलेला. बस आली, ती चढली. मला चढायचं होतं त्याच बसमध्ये, पण मी खालीच राहिले.

तिला हाक मारायला काय झालं होतं मला? 'अहो, थांबा, ते दुकान आमचं आहे, मी सिग्ने, त्याचं पहिलं पान मीच सांभाळते, जरा दम धरा, येईल' असं म्हणता आलं असतं. पण बसथांब्यावर अनोळखी माणसाशी बोलणारी बाई एक तर प्यायलेली असते किंवा परगावची, असं आमच्याकडे समजतात. म्हणून गप्प बसले. आणि समजा बोलले असते, तरी दम धरा म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार होते? माझ्या आईने उभ्या आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाला दम धरायला सांगितलं नाही. आई याच हुल्टग्रेनमध्ये टेलिफोनवर होती, माल टपालाने जायचा त्या काळात. लांबलचक हॉल, खिडक्यांना आमचेच पडदे, ओळीने बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या कानाला काळं यंत्र, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच नियम पक्का बसलेला: दुसरी घंटी वाजायच्या आत उचलायचा. पहिल्या घंटीला घाईघाईने उचलला तर समोरचा दचकतो. दुसरी पुरी वाजू दिली तर तो मनात म्हणतो, बघू नंतर. त्या दोहोंच्या मध्ये एक श्वास घ्यायचा, हसायचं, आणि मग बोलायचं. 'हसलेलं त्यांना दिसतं थोडंच?' मी लहानपणी विचारायचे. आई म्हणायची, 'दिसत नाही, पण ऐकू येतं.' शाळा सुटली की मी तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसून वाट बघायचे. ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास, आणि डोक्यावर आईचा तो दुसराच आवाज, घरी कधी न काढलेला, साखरेत घोळलेला. मला त्या गिऱ्हाइकांचा मत्सर वाटायचा. खरंच वाटायचा. मी घरी तीनतीनदा हाक मारायचे तेव्हा कुठे ती 'काय गं' म्हणायची.

टेलिफोन बंद झाले, हॉल भाड्याने गेला, आईला एक फुलदाणी देऊन निरोप दिला, आणि काही वर्षांनी त्याच दारातून मी आत गेले. आई म्हणाली, 'यंत्र फोन उचलेल गं, पण हसेल का?' मी म्हटलं, 'हसेल. मी शिकवीन.' केवढा तो तोरा! त्या दिवशी बसथांब्यावर मला ते वाक्य आठवलं आणि कानशिलं तापली. कारण आमचं यंत्र हसत तर नव्हतंच, ते उचलतही नव्हतं. ती बाई घंटी वाजवत उभी होती, गारठलेल्या हाताने, आणि आत आम्ही सगळे बसलो होतो नि आम्हाला घंटी ऐकूच येत नव्हती.

आत सगळं आलबेल होतं, हीच तर गंमत. त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही एक मोठं बलिदान दिलं होतं. म्हणजे दिलं सिक्स्टेनने, आम्ही फक्त बघत होतो. सिक्स्टेन आमचा फोटोवाला. त्याचं म्हणणं असं की पडदा विकत घेणाऱ्याला त्यातला धागा दिसला पाहिजे, उजेड कापडातून कसा गाळून येतो ते दिसलं पाहिजे. म्हणून पहिल्या पानावर त्याचा हा एवढा थोरला फोटो असायचा, आणि दुकान हळू उघडतं अशी तक्रार आली की सगळं खापर त्या फोटोवर. मालकीण बोएल, संस्थापकांची नात, हिने साडेनऊच्या कॉफीला विषय काढला होता. आमच्याकडे मालकिणीलाही अगं-तुगंच करतात, आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडत नाहीत. बोएल बनचा तुकडा कॉफीत बुडवत म्हणाली, 'गेल्या वर्षी पडद्यांच्या आठवड्यात लोक आले आणि दारातूनच परत गेले. या वर्षीही तेच झालं तर मी आपलं दुकान बंद करते. माल त्या परदेशी मोठ्या ऑनलाइन बाजारात ठेवू. तिथे सगळं चटकन उघडतं.'

'आणि आपलं नाव?' मी विचारलं.

'असेल की. खाली. बारीक अक्षरात.' मग ती हसली आणि म्हणाली, 'अर्थात, आपण सगळे मिळून ठरवू.' हे वाक्य आलं म्हणजे ठरलेलं असतं, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पडद्यांचा आठवडा म्हणजे आडव्हेंटच्या, नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, आधीचा. तेव्हा अख्खा देश खिडकीतले जुने पडदे उतरवून लाल चढवतो आणि मधोमध कागदी तारा लावतो. आमचं वर्षाचं पोट त्या आठवड्यावर. सगळ्यांच्या नजरा हळूच सिक्स्टेनकडे वळल्या.

'पुन्हा माझा फोटो?' सिक्स्टेन म्हणाला.

'अरे, कोणी काही म्हटलंय का तुला?'

'म्हणायला कशाला पाहिजे? सगळेच्या सगळे माझ्या बनकडे बघताय.' आणि तो उठला, संध्याकाळपर्यंत फोटो कापून कापून पासपोर्टच्या फोटोएवढा करून आणला. लाल पडद्याचा नुसता लाल ठिपका झाला होता. ऑफिसात दुकान चटकन उघडलं. सगळ्यांनी 'छान, छान' केलं. सिक्स्टेन त्या दिवशी कोणाचा निरोप न घेता घरी गेला. आणि हे सगळं झाल्यानंतर, लक्षात घ्या, नंतर, त्या बाईने हातमोजा काढला होता.

मी ऑफिसात पोचले ती ओल्या बुटांनीच थेट टोर्ग्नीच्या टेबलापाशी. टोर्ग्नी आमची यंत्रं बघतो. तो पार उत्तरेकडचा, 'हो' म्हणायचं तर तोंडाने श्वास तेवढा आत ओढतो, शब्द वापरत नाही. मी म्हटलं, 'पान उघडत नाहीये.' त्याने उघडलं. उघडलं की. 'इथे नाही रे, बाहेर. बसथांब्यावर एका बाईला उघडलं नाही.'

'एका बाईला?'

'एका.'

'तिचं नेटवर्क खराब असेल.'

'चौकात? चौकात नेटवर्क खराब?'

'मग फोन जुना असेल.'

'असू दे ना जुना! जुन्या फोनवाल्यांच्या घराला खिडक्या नसतात का?' माझा आवाज चढला. आमच्या ऑफिसात आवाज चढला की माणसं स्क्रीनमध्ये आणखी वाकून बसतात. टोर्ग्नी वाकला. मला तो मवाळपणा, ते 'जाऊ दे', असं काही झोंबलं की बस! बाईनेही तेच केलं होतं आणि आम्हीही तेच करत होतो. सगळा देशच एकमेकांना 'जाऊ दे' म्हणत निवांत बुडेल, असं मला वाटलं. मी कोट तसाच ठेवून बाहेर पडले, जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक फोन विकत घेतला, काच तडकलेला, ज्याने जन्मात आमचं दुकान बघितलेलं नाही असा, आणि त्याच थांब्यावर जाऊन त्याच जागी उभी राहिले. उजवा हातमोजा काढला. हुल्टग्रेन आणि मुली. बोट टेकवलं. पांढरं.

पांढरं म्हणजे किती पांढरं असतं ते तेव्हा कळलं. आधी वाटतं, आता येईल. मग वाटतं, आपलंच काही चुकलं का? मग बोटांची टोकं दुखायला लागतात आणि एक बारीकसा अपमान घशाशी येतो, कोणीतरी दार लावून घेतल्यासारखा, आणि मग तुम्ही पडद्यांचा विचार सोडून दुसऱ्याच कशाचा तरी विचार करायला लागता. मी आईच्या खुर्चीशेजारच्या जमिनीचा विचार करायला लागले. हाक मारायची आणि थांबायचं. पुन्हा हाक मारायची. पान शेवटी आलं, नाही असं नाही, पण तोवर माझी पडद्यांची इच्छा मेली होती, आणि मी तर पगारी माणूस. त्या बाईला मला नावं ठेवायचा पूर्ण अधिकार होता आणि तिने तो वापरलासुद्धा नाही, हे मला फार लागलं.

मग मी टोर्ग्नीला फोन केला. 'लॅपटॉप घे आणि चौकात ये.'

'बाहेर ओलं आहे.'

'म्हणूनच ये.'

तो आला, कानटोपी घालून, लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. थांब्यावरच्या बाकावर बसून त्याने त्या तडकलेल्या फोनला वायर लावली आणि मी पुन्हा बोट टेकवलं. आजूबाजूची माणसं आम्हा दोघांपासून आणखी एकेक हात लांब सरकली. टोर्ग्नी बघत राहिला. मग त्याने कानटोपी मागे सारली. 'हे बघ,' तो म्हणाला, 'सगळं तयार आहे. शब्द तयार, भाव तयार, सिक्स्टेनचा ठिपका तयार. पण पान दारातच उभं आहे. कोणाची तरी वाट बघतंय.'

'कोणाची?'

'विल्माची.'

'विल्मा कोण?'

टोर्ग्नीलाही माहीत नव्हतं. पानाच्या पोटात, अगदी वरच्या बाजूला, एक ओळ होती, 'विल्मा' नावाची फाईल आण म्हणून सांगणारी. ती फाईल आमच्याकडे नव्हतीच, कुठल्यातरी लांबच्या यंत्रावर होती, आणि ते यंत्र जागं व्हायलाच वेळ घेत होतं. विल्मा आली नाही तोवर पान कोणाला आत घेईना. 'मग ऑफिसात कसं उघडतं?' मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं. एकदा येऊन गेलेल्या यंत्राकडे विल्मा साठवलेली राहते, ते पुन्हा मागत नाही. आणि आम्ही तर हजारदा येऊन गेलेले. कोणी नवा फोन घेतला की पहिल्यांदा उघडायला वेळ लागायचा, ते आम्ही सिक्स्टेनच्या माथी मारायचो आणि विसरून जायचो. आम्ही ज्या दारातून रोज आत-बाहेर करत होतो ते फक्त नव्या माणसाला बंद होतं. मी त्या ओळीकडे बघितलं. तिच्या डोक्यावर एक सूचना लिहिलेली होती: 'कृपया हलवू नये. सस्नेह, माल्टे.'

आता हे हसण्यासारखं आहे, पण त्या क्षणी मी हसले नाही. मला आमच्या लहानपणच्या रस्त्यावरचं कुंपण दिसलं. कोणाचा हातमोजा रस्त्यात पडला की उचलून कुंपणाच्या टोकावर चढवून ठेवायचा, ही आमची पद्धत. हरवलेल्याने यावं आणि घेऊन जावं. एकदा एक तपकिरी हातमोजा तिथे एका हिवाळ्यापासून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत होता. बोटं वर करून. पावसात भिजला, वाळला, पक्ष्यांनी लोकर उपटून नेली, तरी उभाच. मी एकदा त्याला हात लावला तर आई म्हणाली, 'राहू दे. कोणाचा तरी असेल.' आणि सगळं गाव त्याच्यासमोरून जायचं, रोज, आणि सगळेच मनात म्हणायचे, कोणाचा तरी असेल. किती चांगली माणसं आम्ही! कोणाच्या वस्तूला हात लावत नाही. गेली कित्येक वर्षं पानाच्या पोटात डोकावणाऱ्या प्रत्येकाने ती ओळ बघितली होती, टोर्ग्नीनेही, मीही, आणि प्रत्येकाने 'कोणाची तरी असेल' म्हणून तिला वळसा घातला होता. कोणी म्हणे पैसे भरायच्या भागाची, कोणी म्हणे गोदामाची. आम्ही सिक्स्टेनचा फोटो कापला, कारण त्याचा मालक समोर बसलेला होता आणि तो सोसेल हे माहीत होतं. विल्माचा मालक कोणीच नव्हता, म्हणून तिला हात लागला नाही.

माल्टे आमच्याकडचं काम सोडून गोटलंड बेटावर मेंढ्या पाळायला गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मी तिथेच बाकावरून त्याला फोन लावला. मागे वारा आणि बें बें.

'माल्टे, विल्मा कोण?'

'विल्मा? माझी कुत्री. गेली बिचारी. का गं?'

'आमच्या पानात आहे ती.'

तिकडे जरा वेळ फक्त मेंढ्या बोलत होत्या. मग माल्टे एकदम खिंकाळला. 'अगं आई गं! तो बर्फ! सिग्ने, तो बर्फ आहे! आठवत नाही? त्या नाताळात पान गडद निळं केलं होतं आपण, आणि वरून बर्फ पडायचा? मीच केला होता, फाईलला कुत्रीचं नाव दिलं. सणाच्या गर्दीत कोणी चुकून काढू नये म्हणून लिहिलं होतं तसं.'

'आणि मग काढला का नाहीस?'

'मला वाटलं तुम्ही काढलात! जानेवारीत बघितलं तर दिसेना.'

दिसणार कसा? जानेवारीत बोएलने पान पांढरं करून घेतलं होतं. मी फोन ठेवला आणि टोर्ग्नीकडे बघितलं. 'पडतोय अजून,' मी म्हटलं. त्याने पान क्षणभर काळं करून बघितलं, आणि खरंच पडत होता, देवाशपथ! मोठे मोठे संथ पुंजके, तिरके, सुंदर. पांढऱ्यावर पांढरा, वर्षानुवर्षं. मध्य उन्हाळ्याच्या सणाला लोक फुलांचे मुकुट घालून नाचत होते तेव्हाही आमच्या दुकानात बर्फ पडत होता, आणि बाहेर उभ्या प्रत्येक माणसाला तो पडून व्हायची वाट बघावी लागत होती. तेव्हा मात्र मी हसले. इतकी हसले की बससाठी थांबलेला एक म्हातारा सगळे नियम मोडून म्हणाला, 'काय झालं काय?' मी म्हटलं, 'काही नाही हो, बर्फ सापडला.' तो वर बघून म्हणाला, 'तो तर आहेच की.'

ऑफिसात मात्र कोणी हसलं नाही. दुपारच्या कॉफीला मी सगळं सांगितलं. बोएल म्हणाली, 'पडदे सोमवारी यायचेत. सणाच्या तोंडावर पानाच्या पोटात हात घालायचा? सण झाला की बघू ना. सगळ्यांना विचारू, गोदामाला विचारू.' टोर्ग्नी कपात बघत म्हणाला, 'तिला काढलं आणि तिच्यावर दुसरं काही टेकलेलं असलं तर सगळंच बसेल.' त्याचं चूक नव्हतं. कोणाचंच चूक नव्हतं, आमच्याकडे कधीच कोणाचं चूक नसतं. मला तो राखाडी हातमोजा दिसत होता. सण झाला की! सण झाल्यावर दुकानच कुठे उरणार होतं? ती बाई घंटी वाजवणार आणि परदेशातला कोणीतरी उचलणार, आणि आईचं ते सगळं हसणं, त्या हॉलमधल्या सगळ्या बायकांचं एकेक श्वास घेऊन हसलेलं, खाली बारीक अक्षरात जाणार. मी म्हटलं, 'मी काढते.'

'आपण काढू, पण—' बोएल म्हणाली.

'आपण नाही. मी. आज. बिघडलं तर माझ्यामुळे बिघडलं असं सांग सगळ्यांना, आणि मला घरी पाठव.'

आमच्या टेबलावर 'मी' हा शब्द इतक्या मोठ्याने कोणी कधी उच्चारला नसेल. बोएलच्या गालांवर लाली चढली, जणू मी अंगातले कपडेच काढून ठेवले होते. ती टोर्ग्नीकडे वळली. 'तुला काय वाटतं?' टोर्ग्नीने कप खाली ठेवला. आणि मग त्याने श्वास आत ओढला. इतका छोटा आवाज, पण मला तो चर्चच्या घंटेएवढा ऐकू आला. तो उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, आणि मी ती ओळ निवडली. माल्टे, सस्नेह, विल्मा, सगळी. बोट जरा थांबलं. कोणाची तरी असेल, असं कुठेतरी आत, आईच्याच आवाजात, उमटलं. कोणाचीच नाही, मी म्हटलं, आणि पुसली.

काही कोसळलं नाही. पैसे भरायची खिडकी उघडली, गोदामाची उघडली, सगळं जागच्या जागी. मी तडकलेला फोन घेतला, त्यातलं साठवलेलं सगळं पुसून त्याला पुन्हा कोरा केला, ऑफिसच्या दाराबाहेर पावसात जाऊन उभी राहिले, हातमोजा काढला. बोट टेकवलं आणि दुकान समोर! मी बोट उचलायच्या आत! मला आधी खरंच वाटेना, पुन्हा कोरा केला, पुन्हा टेकवलं, पुन्हा समोर. मी ओरडले. मुख्य रस्त्यावर, भर दुपारी, शुद्धीत असलेली बाई ओरडली, आणि मला यत्किंचितही लाज वाटली नाही. धावत आत गेले ती सिक्स्टेनच्या खोलीत. तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. म्हटलं, 'तुझा फोटो दे. मोठा. होता तसा.'

'थट्टा करू नकोस गं.'

'शब्द आधी येतील, फोटो त्यांच्या पाठोपाठ. टोर्ग्नी बसवतोय. तुझा दोष कधीच नव्हता, सिक्स्टेन. त्या कुत्रीचा होता.'

त्याला अर्थातच काही कळलं नाही. पण त्याने तो फोटो काढून दिला, आणि टोर्ग्नीने बसवला, आणि लाल पडदा त्या तडकलेल्या काचेवर असा उलगडला की त्यातून गाळून येणारा उजेड माझ्या ओल्या बोटांवर पडल्यासारखा वाटला. एकेक धागा दिसत होता. सिक्स्टेनने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. 'हवेत फार दमटपणा आहे,' तो म्हणाला. मी म्हटलं, 'रड की लेका, कोण बघतंय?'

सोमवारी पडदे आले आणि लोकही आले. मी त्या आठवड्याचे आकडे सांगत बसत नाही, ते बोएलच्या तोंडावर लिहिलेले होते. गोदामातल्या गाड्यांची चाकं सकाळपासून जी खडखडत होती ती दुपारी जेवतानाही थांबली नाहीत, आणि त्या आवाजात मी माझी सूपची वाटी घेऊन बसले आणि मला वाटलं, वाजू दे, असंच वाजत राहू दे. बाहेर उभ्या कोणाकोणाचे हात गारठायच्या आत पुन्हा उबेत जात असतील. ती राखाडी हातमोजेवाली परत आली का, मला कधीच कळणार नाही, आणि त्याची रुखरुख आहे, ती मी लपवत नाही. शुक्रवारी कॉफीला बोएल म्हणाली, 'आपलं दुकान आपण ठेवतोय. आपण सगळ्यांनी मिळून छान काम केलं.' मग थांबली, बनकडे बघितलं, आणि आमच्या गावात जे कोणी कोणाला म्हणत नाही ते म्हणाली, 'म्हणजे, सिग्नेने केलं.' सगळे खाली बघायला लागले. मी नाही बघितलं. मी म्हटलं, 'हो. मी केलं.' आणि बनचा केवढा तरी मोठा घास घेतला.

रविवारी, पहिल्या आडव्हेंटला, आईकडे गेले. तळ्यापलीकडचं तिचं घर दगडी भिंतींचं, तिथे फोनवरचा आवाजसुद्धा तुटक येतो. केशराचे बन, पहिली मेणबत्ती पेटवलेली, खिडकीत तारा, आणि पडदे तेच, गेल्या कैक वर्षांचे विटके. टेलिफोन बंद झाल्यापासून आईने हुल्टग्रेनमधून एक रुमालही घेतलेला नव्हता. मी तिला कधी आग्रह केला नाही. त्या दिवशी तिचा फोन तिच्या हातात दिला. 'आई, आमचं दुकान उघड.'

'आत्ता? किती वेळ लागेल?' तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एका हाताने नावावर बोट टेकवलं नि दुसऱ्या हाताने चष्म्याचं घर शोधायला लागली, 'तोवर कॉफी ठेवू का गं' असं म्हणत उठायलाही लागली. आणि तशीच अर्धवट उठलेली राहिली. तिच्या तळहातात लाल पडदा उजळला होता. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली, चष्म्याशिवाय, मग हळूच परत खाली बसली. मला वाटलं, म्हणेल, 'वाईट नाही.' याच्यापुढे तिची शाबासकी कधी गेली नाही, मी शाळेत पहिली आले तेव्हाही नाही. मेणबत्ती जरा फडफडली. आईने एक श्वास घेतला, हसली, आणि मग बोलली. तो आवाज! हॉलमधला तो दुसरा आवाज, साखरेत घोळलेला, ज्याच्यासाठी मी अख्खं लहानपण जमिनीवर बसून काढलं होतं, तो माझ्याकडे तोंड करून आला.

'सिग्ने बाळा,' आई म्हणाली, 'दुसरी घंटी वाजायच्या आत उचललास गं.'